अक्काच्या दोडक्याचं बी

मृग जवळ आला की सोलापुरातल्या बियाण्यांच्या दुकानांना मुंडावळ्या बांधल्यासारख्या दिसतात. दारावर आडव्या दोऱ्या, दोऱ्यांना चिमटे आणि चिमट्यांना रंगीत पाकिटं. पाकिटावरची भेंडी अशी, की ती बघून खऱ्या भेंडीनं मान खाली घालावी. टोमॅटोचे गाल नाटकातल्या राजासारखे रंगवलेले. वांग्याला तर पॉलिशच. पोस्टातून सुटलो की मी मुद्दाम त्या रस्त्यानं घरी येतो. घ्यायचं काही नसतं. परसातल्या मांडवाचे बांबू तेवढे उभे आहेत. तरी मी पाकिटांसमोर मान वर करून उभा राहतो आणि दुकानदार विचारतो, "काय देऊ, साहेब?" मी भेंडीचा भाव विचारतो आणि पुढं सरकतो.

गोष्ट दोडक्याची आहे, तेव्हा आधीच सांगतो, फार मोठी अपेक्षा ठेवू नका. भाज्यांच्या समाजात दोडक्याला मान नाही. लग्नाच्या पंगतीला त्याला बोलावत नाहीत आणि आजाऱ्याच्या ताटात मात्र हटकून वाढतात. नवरामुलगा बघायला गेलेली माणसं करणार नाहीत एवढी चौकशी मी एका पावसाळ्यात या दोडक्यासाठी केली. बहात्तरचा दुष्काळ पडला, त्याच्या पुढचा तो पावसाळा. सहा वर्षं झाली.

आधी पात्रपरिचय. मी गुरू, पोस्टात कारकून. दिवसभर लोकांच्या सुखदुःखावर शिक्के मारायचे आणि गणपतीच्या दिवसांत मेळ्यातल्या नाटकात काम करायचं. मी कायम खलनायक. नायकाला लागतं ते नाक मला नाही. लग्न केलं नाही. म्हणजे जमलं नाही, पण 'केलं नाही' म्हटलं की जरा बरं दिसतं. घरात मी आणि अक्का. अक्का माझी थोरली बहीण, माझ्याहून अकरा वर्षांनी मोठी.

तिला वळसंगला दिली होती. तिथं ती पंधरा वर्षं नांदली. मूल झालं नाही. एका उन्हाळ्यात भावजी तापानं गेले आणि महिन्याच्या आत दिरानं कागद पुढं केला. "वैनी, हितं अंगठा करा." अक्कानं केला. तिला भांडता येत नव्हतं; आमच्या घरात ती सगळी कला माझ्या वाट्याला आली. मग तिनं कपड्यांची एक पिशवी भरली आणि निघाली. निघताना परसातल्या मांडवावर वाळून खडखडणारा एक दोडका होता, तो तोडून ओटीत घातला. त्या घरातनं तिनं एवढंच आणलं.

दारात धाकटी जाऊ उभी होती, नीलव्वा. पंधरा वर्षं दोघींनी एका चुलीवर रांधलेलं. नीलव्वाची तिन्ही बाळंतपणं अक्कानं काढलेली. नीलव्वा त्या दिवशी पदराचं टोक तोंडात धरून उभी राहिली आणि एक अक्षर बोलली नाही. अक्कानं ही हकीकत मला जन्मात एकदाच सांगितली आणि शेवटी म्हणाली, "नवऱ्याला भ्यायली असंल. पण तोंड होतं की रे तिला." दिराचं नाव तिनं काढलं नाही. जमिनीचं तर नाहीच. वळसंगचा उंबरा पुन्हा चढायचा नाही, हे ठरवलं तेही नीलव्वाच्या न बोलण्यावरून.

आणि तो दोडका दर पावसाळ्यात आमच्या परसात उगवायला लागला.

आखूड, पोटात जाड, वरून पांढुरका, शिरा बोथट. बाजारातल्या दोडक्यांत ठेवला तर आजोळी आलेल्या गुबगुबीत पोरासारखा दिसायचा. वळसंगच्या घरात त्याला वेगळं नाव नव्हतं. कानडीत 'नम्म हिरेकाई' म्हणायचे, म्हणजे आपला दोडका. त्याच्या शिरा तासून, तव्यावर परतून, तीळ आणि शेंगदाण्याचं कूट घालून अक्का चटणी करायची. ती चटणी आणि कडक भाकरी समोर आली की मी मेळ्यातले सगळे संवाद विसरायचो. दोडक्याचं फूल संध्याकाळी उमलतं, हे मला तोवर माहीत नव्हतं. मी शिक्क्यांच्या शाईनं काळी झालेली बोटं घेऊन घरी यायचो तेव्हा मांडवावर पिवळे दिवे लागलेले असायचे आणि त्यांच्याखाली अक्का मान वर करून उभी असायची. अशा वेळी ती सोलापुरात नसायची. मी चहा मागायचो नाही.

बियाच्या बाबतीत तिच्या सासरची रीत होती. भाजीचं बी विकत घ्यायचं नाही, विकायचंही नाही. एका बाईनं दुसरीला द्यायचं. ज्या वेलाला ते लागेल त्याचं पहिलं फळ देणारीच्या घरी पोचवायचं. आणि एकदा दिलं की त्या बियाविषयी दोघींनी पुन्हा बोलायचं नाही. 'मी दिलं' नाही, 'तू दिलंस' नाही. बोललं की वेल रुसतो म्हणे. मी थट्टा करायचो, "अक्का, आमच्या खात्यात असं असतं तर बरं झालं असतं. मनिऑर्डर दिली, पावती नको, पुन्हा बोलायचं नाही." अक्का म्हणायची, "तुला काय कळतंय? टपालाचा माणूस तू."

बी जपायची रीतही त्यांचीच. काळं, चपटं बी राखेत घोळायचं, शेणात कालवायचं आणि गोवरीएवढी थापी करून भिंतीला लावायची. कीड लागत नाही, उंदीर शिवत नाही. इतर वर्षी ती थापी परसातल्या आडोशाला असायची. दुष्काळात गल्लीतनं सरपण आणि गोवऱ्या चोरीला जायला लागल्या, तेव्हा अक्कानं ती स्वयंपाकघरात आणून चुलीच्या वर थापली. त्या साली पेरलंच नाही तिनं. चार दिवसांनी नळ यायचा, तोही करंगळीएवढा. "राहू दे भिंतीवर," ती म्हणाली. "जीव धरून हाय ते." कुठल्या भिंतीवर, हे मी विचारलंही नाही.

आता मी केलेला पराक्रम.

फाल्गुनात अक्काला ताप भरला. तिसऱ्या दिवशी ती चटईवरनं उठेना. मी ठरवलं, आले-गवती चहाचा काढा करायचा. आयुष्यात पहिल्यांदाच चुलीपुढं बसलो. रॉकेल संपलेलं, सरपणाच्या कोपऱ्यात नुसता भुसा. आणि वर बघतो तर भिंतीला एक ठणठणीत वाळलेली गोवरी! मला हसूच आलं. म्हटलं, वा गं अक्का, चोरांच्या भीतीनं गोवरी भिंतीवर चिकटवून ठेवलीस होय! उलथन्यानं खरवडली, चार तुकडे केले, चुलीत घातले, फुंकर मारली. छान पेटली. मग आतनं तड तड आवाज यायला लागला, लाह्या फुटाव्या तसा. मी अक्काला हसवायला त्या तालावर दोन पावलं नाचून दाखवली.

अक्कानं तापातच विचारलं, "काय फुटतंय रे?"

"फटाके!" मी म्हणालो. "तू बरी होणार म्हणून."

काढा तिनं घोट घोट करून सगळा घेतला.

ती उठली आठ दिवसांनी. भिंतीला धरून धरून स्वयंपाकघरात गेली, तशी मी मागनं डोकावलो. चुलीच्या वर भिंतीवर एक गोल, फिकट डाग होता. अक्कानं त्यावर तळवा ठेवला होता, लेकराच्या कपाळावर ताप बघायला ठेवतात तसा. माझ्याकडं वळून तिनं विचारलं, "त्या दिवशी हेच फुटत होतं होय?"

मी मान हलवली.

"माझा ताप उतरला न्हवं," ती म्हणाली. "त्याच्यासाठीच राहिलं असंल." आणि तांदूळ निवडायला बसली. त्या दिवशी तिनं तेच तांदूळ दोनदा निवडले.

वैशाख संपत आला, दुकानांवर पाकिटं लटकली आणि माझी मोहीम सुरू झाली. मी ठरवलं होतं, अक्काच्या हातावर तेच बी ठेवायचं. तिला कळू न देता.

पहिलं ठिकाण मोठं दुकान. पंखा, काचेचं कपाट, गादीवर शेटजी. मी वर्णन सांगितलं. आखूड, जाड, पांढुरका. शेटजींनी शांतपणे एक पाकीट काढलं. त्यावरचा दोडका हिरवागार आणि माझ्या दंडाएवढा लांब. मी म्हटलं, "हा नव्हे." ते म्हणाले, "ह्याच्यापेक्षा आखूड कशाला पाहिजे तुम्हाला? लोक लांब मागतात." त्यांच्या व्यापारी मनाला माझी मागणी अंगाला आखूड शर्ट शिवून मागितल्यासारखी वाटत होती.

दुसरं ठिकाण सरकारी. टेबलामागच्या तरुण साहेबांनी अर्ज पुढं केला. "क्षेत्र किती?"

"आठ फूट."

"एकर म्हणताय?"

"फूट. परसात. मधे धुण्याचा दगड आहे, तो वजा करा."

साहेब सज्जन होते. हसले नाहीत. म्हणाले, "काका, देशी वाण आमच्याकडं नसतात. असे वाण घरातच असतात." हे वाक्य ऐकून मी खुर्चीतनं उठलो. त्यांना काय ठाऊक, की घरातलं कुठं गेलं ते.

तिसरं, पुण्याच्या एका कंपनीचं कॅटलॉग. पोस्टात असल्याचा एवढा तरी फायदा. व्ही. पी. नं पाच पाकिटं मागवली आणि स्वतःच सोडवून घेतली. दोडक्याला त्यांत इंग्रजी नाव होतं. चित्र बघून मी ते पाकीट कपाटात टाकलं. मंगळवारच्या बाजारात खेड्यातनं येणाऱ्या म्हाताऱ्यांनाही विचारत फिरलो. एक म्हणाली, "बी कुठलं बाबा, गेल्या साली माणसं जगली तेच लई झालं."

आणि चौथं ठिकाण एसटी स्टँडजवळचे चाचा. फुटपाथवर गोणपाट, त्यावर बियांच्या लहान लहान ढिगल्या, वजनाला काड्यापेटीचं खोकं. मी प्रत्येक बी चिमटीत धरून उन्हात बघायला लागलो, तसे चाचा वैतागले. "क्या बाबू, बीज देखतैं कि बहू देखतैं?"

"वळसंगचा पांढरा दोडका आहे का, चाचा?"

"वळसंग का होना तो वळसंग जाओ ना!"

एवढं सरळ उत्तर महिनाभरात कुणी दिलं नव्हतं. खरं म्हणजे ते मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. म्हणून तर मी पंखेवाल्या दुकानात आणि सरकारी कचेरीत वेळ काढत होतो.

एका रविवारी मेळ्याची तालीम आहे अशी थाप मारून मी वळसंगची एसटी धरली. वाटेत संवाद पाठ केले. नीलव्वासमोर आधी घर किती छान ठेवलंय म्हणायचं, मग मुलांची चौकशी, मग दुष्काळ, मग हळूच बी. तिनं नकार दिला तर खलनायकाचं भाषण तयार होतं: पंधरा वर्षं जिनं तुमच्या घरात रांधलं तिला मूठभर बी नाही?

नीलव्वा दारातच होती. मला ओळखून चटकन उठली. "बर्री अण्णा, बर्री. कूड्री." या, बसा म्हणत तिनं घोंगडं टाकलं. नऊ वर्षांत तिचे केस पांढरे झाले होते. परसाचं दार उघडं होतं आणि तिथल्या मांडवावर वाळक्या काटक्यांशिवाय काही नव्हतं. मी पहिला संवाद म्हणायच्या आत तीच बोलायला लागली.

"अक्का बरी हाय न्हवं?"

"बरी आहे."

"दोडका लावती की न्हाय?"

मी म्हणालो, "लावती की."

नीलव्वानं डोळे मिटले आणि सुस्कारा टाकला. "मग बरं. आमचं गेलं, अण्णा. गेल्या साली एक सर पडली, मला वाटलं आला पाऊस. होतं नव्हतं ते सगळं बी टोकलं. बोटाएवढं रोप झालं नि जळालं. गावात कुणाकडं न्हाय. पण मी यांना म्हणलं, जिवाला घोर नको, अक्काकडं हाय." मग आवाज खाली आणून म्हणाली, "मी कुठल्या तोंडानं मागू? तुमीच सांगा अक्काला. चार बिया. पुढच्या साली दिल्या तरी चालतील."

भाषण तयार होतं, ते तयारच राहिलं. साऱ्या मुलखात त्या दोडक्याचं बी शेवटचं जिथं होतं, तिथं मी काढा उकळला होता.

यावर शहाण्या माणसानं खरं सांगितलं असतं. मी म्हणालो, "देईल की! ढीग पडलाय आमच्याकडं. मी स्वतः आणून देतो!" आणि वर चहा पिऊन आलो.

एसटीतनं उतरलो आणि चाचांच्या गोणपाटापुढं उभा राहिलो. "दोडका द्या. कुठलाही."

"अब कैसे कुठला भी?" चाचा म्हणाले, पण पुडी बांधून दिली.

पुढचा अंक मी मन लावून केला, हे कबूल करतो. नेपथ्याची मला हौस. गल्लीच्या तोंडाशी एका चुलीजवळून मूठभर राख मागितली, बी त्यात घोळलं, जुन्या धोतराच्या चिंधीत बांधलं, चिंधी भिंतीला घासून मळवली. आणि घरात शिरून अक्कासमोर ठेवली. "वळसंगला गेलो होतो."

अक्काचे भाकरी थापणारे हात थांबले.

"नीलव्वानं दिलंय."

ती पुरचुंडीला हात लावेना. पिठाचे हात पुसत विचारलं, "काय म्हणाली?"

इथं मी गप्प बसलो असतो, तर ही गोष्ट दोडक्याचीच राहिली असती. पण समोर प्रेक्षक, तोही पहिल्यांदाच एवढा कान देऊन बसलेला. मी पदर तोंडाशी धरल्याचा अभिनय केला, आवाज बारीक केला आणि म्हणालो, "म्हणाली, त्या दिवशी माझ्या जिभेला लकवा झाला होता, अण्णा. मी अक्काचे पाय धरायला पाहिजे होते. नऊ वर्षं मला घास गोड लागला नाही."

अक्का भिंतीकडं तोंड करून बसली. भाकरी तव्यावर करपली. ती उतरवायचं कुणाला सुचलं नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी उठलो तेव्हा मांडवाखाली आळी करून झाली होती.

तो पावसाळा बरा झाला. कुणीतरी माफ करावं तसा बेतानं पडत राहिला. वेल चढला, फुलं आली, संध्याकाळी पुन्हा दिवे लागले. श्रावणात पहिली फळं धरली आणि रोज वीतवीत वाढायला लागली. हिरवीगार, सडपातळ, धारदार शिरांची. पाकिटावरची. मी रोज कचेरीत जाताना त्यांच्याकडं बघायचो आणि मनात म्हणायचो, अरे थांबा, आखूड राहा, माझ्यासाठी तरी. अक्का मांडवाखाली उभी राहून बघत होती. मी घसा खाकरून म्हणालो, "दुष्काळानंतर म्हणे फळाचा रंग बदलतो."

"व्हय की," अक्का म्हणाली. "लांबी बी बदलत असंल."

तिच्या चेहऱ्यावरनं काही कळेना. मग तिनं पहिले दोन दोडके तोडले, केळीच्या पानात गुंडाळले. "नीलव्वाला पोचव. पहिलं फळ तिचं."

मी ते घेऊन वळसंगला गेलो. तिथं म्हणालो, "अक्कानं पाठवलेत. बियाला ठेवा." दोन्ही घरांत पुरेल असं एकच वाक्य होतं ते, मी स्वतःवर खूश होतो. नीलव्वानं पान उलगडलं, दोडका हातावर फिरवला, नखानं देठाजवळ हलकं दाबून बघितलं. मग म्हणाली, "चांगला हाय." आणि आत नेऊन देवापुढं ठेवला.

भाद्रपदात ती सोलापूरला आली. न कळवता, डोक्यावर ज्वारीचं बोचकं घेऊन. मी वर्तमानपत्र उघडून त्यामागं बसलो. आता दोघी बोलणार, सांधा जुळवणार आणि माझा निकाल लागणार. पण त्या मांडवाखाली बसून तास दीड तास बोलल्या ते कुणाच्या म्हशीचं, कुणाच्या सुनेचं, नीलव्वाच्या गुडघ्याचं. रीत ती रीत. बियाचा शब्द नाही. अक्कानं दोडके तासायला घेतले, नीलव्वानं न सांगता तीळ भाजले. दोघींचे हात एका चुलीवर असे चालत होते, जशी मधे नऊ वर्षं गेलीच नव्हती. जेवताना नीलव्वा चटणीचं बोट चाटून म्हणाली, "तीच चव." अक्का म्हणाली, "तीच की." मी खाल्ली. ती चव नव्हती.

एसटीला तिला बसवून मी परत आलो तेव्हा अक्का ओसरीवर बसली होती.

"गुरू," ती म्हणाली, "तिच्याकडं बी उरलं नव्हतं रे. दोडका बघूनच कळलं मला. दुष्काळात गेलं असणार. पण तुला मोकळ्या हातानं धाडलं न्हाय तिनं. लाजंकाजं बाजारातनं आणून, आपलंच म्हणून दिलं बिचारीनं." मग म्हणाली, "कधी बोलू नकोस तिच्याजवळ. तिला वाईट वाटंल."

मी तेव्हा तोंड उघडलं असतं तर अक्काच्या हातातनं नीलव्वा पुन्हा गेली असती. असं मी स्वतःला सांगितलं. त्यात थोडं खरंही होतं.

त्या वर्षी वेळ अमावस्येला अक्का वळसंगला शेतात जेवायला गेली. उंबरा चढली. ज्या दिरानं कागद पुढं केला होता त्याच्या पानात तिनं आंबील वाढली. नंतर दर वर्षी जात राहिली, आणि दर भाद्रपदात नीलव्वा येत राहिली. मी त्या दोघींकडं बघून मनात म्हणायचो, सगळी नाटकं पडली तरी हे एक चाललं. गेल्या सालच्या माघात अक्का गेली. झोपेतच. नीलव्वा आली, पण रडली नाही. तिनं स्वयंपाकघराच्या भिंतीवरची थापी उतरवली, माझ्याकडं बघून "नेऊ?" म्हणाली आणि पदराखाली घेऊन गेली. परसात मी काही लावलं नाही.

आणि गेल्या महिन्यात मी पुन्हा वळसंगला गेलो. कशाला? मन मोकळं करायला, असं मी एसटीत स्वतःला सांगत होतो. पण मी माझा स्वभाव ओळखून आहे. एवढी पिळदार गोष्ट, तीत माझं एवढं काम, आणि सहा वर्षांत ती ऐकायला कुणी नाही! अक्का गेल्यावर या जगात एकच प्रेक्षक उरला होता.

नीलव्वानंच विषय काढला. अक्का गेल्यावर रीत तरी कुणासाठी पाळायची? म्हणाली, "अण्णा, अक्काकडं त्या साली बी न्हवतं, हे मला तवाच कळलं होतं. पण माझ्यावर एवढा राग असूनसुद्धा मला रिकामी ठेवली न्हाय तिनं. बाजारातनं आणून लावलं, फळ धरलं, नि मला पाठवलं. कोण करतंय एवढं?"

मग मी सांगितलं. सगळं. काढा, फटाके, शेटजी, चाचांची पुडी, राख, चिंधी. चांगलं रंगवून सांगितलं. मधे एकदा ती हसलीसुद्धा, आठ फुटांच्या अर्जाला. मला हुरूप आला. पदर तोंडाशी धरून मी तो प्रवेशही करून दाखवला. जिभेला लकवा झाला होता, अक्काचे पाय धरायला पाहिजे होते, घास गोड लागला नाही.

नीलव्वा हसायची थांबली.

"हे मी म्हणाले म्हणून सांगितलं अक्काला?"

"हो."

"तिला खरं वाटलं?"

"वाटलं. म्हणून तर ती आली."

नीलव्वानं परसाकडं मान वळवली. मग हळू म्हणाली, "मी दर साली सोलापूरला यायची ते तेवढ्यासाठीच यायची, अण्णा. म्हणायचं, अक्का विचारंल, त्या दिवशी का गप बसलीस म्हणून. मग आपण बोलू. ती कधी विचारतच न्हवती. मला वाटायचं, राग अजून पोटात हाय, म्हणून विचारत न्हाय. एसटीत बसून घरी येताना म्हणायची, आता पुढच्या साली." तिनं तळव्यानं गुडघा दाबला. "तिला वाटत होतं मी बोलून बसलेय."

माझ्याकडं म्हणण्यासारखं होतं ते सगळं मी तिच्या नावानं आधीच म्हणून टाकलं होतं.

ती उठली, दारापर्यंत गेली आणि उंबऱ्याशी उभी राहिली. बाहेर दुपारचा रस्ता मोकळा होता. तिनं चौकटीला हात लावला. तिच्या पाठीमागं मी आहे हे ती विसरली असावी, किंवा तिला त्याचं काही नव्हतं. तिचं वाक्य माझ्या वाक्यापेक्षा फार लहान निघालं. त्यात लकवा नव्हता, पाय धरणं नव्हतं.

रस्त्याकडं बघून ती एवढंच म्हणाली, "जाऊ नको, अक्का."